तिसरा हप्ता

“मॅडम, ही पॉलिसी तुमच्या आईंची नाहीये. तुमची आहे.”

काचेपलीकडच्या मुलीने हे इतक्या सहज सांगितलं, की ती दुसऱ्याच कुणाशी बोलते आहे असं वाटून मी मागे वळून पाहिलं. मागे मुलाणीसर उभे होते, एका हातात माझी उन्हाची छत्री आणि दुसऱ्या हातात त्यांची कापडी पिशवी. त्यांनीही मागे वळून पाहिलं. त्यांच्या मागे भिंत होती.

“माझी कुठलीच पॉलिसी नाही,” मी म्हणाले. “या बँकेत माझं खातंसुद्धा नाही.”

“पैसे आईंच्या खात्यातून जातात. विमा तुमच्या जिवाचा आहे. हे बघा ना.”

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. माझं नाव, जन्मतारीख, नाशिकचा पत्ता. खाली माझी सही.

“सही तुमचीच आहे ना?”

सही माझीच होती.

आई जाऊन त्या दिवशी तेवीस दिवस झाले होते. तेरावं आटोपून माझा नवरा नाशिकला परतला होता. तिचं पेन्शनचं खातं बंद करायचं म्हणून मी फलटणला मागे राहिले होते. आई तीस वर्षं तिथल्या हायस्कुलात गणित शिकवत होती. गावात ती रणवरेबाई म्हणूनच ओळखली जायची. सुलोचना हे नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. ती दर तीन महिन्यांनी बँकेतून खात्याचं स्टेटमेंट आणायची आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात ती रक्कम कशाची ते लिहायची. ‘गॅस’. ‘मोलकरीण, दिवाळी’. ‘चष्मा’. ‘मृदुलाला साडी’. एकही ओळ तिने मोकळी सोडली नव्हती, तीन सोडून. तीन वर्षांच्या तीन जानेवारींत एका विमा कंपनीच्या नावाने पैसे गेले होते. पहिल्या वर्षी बावन्न हजार दोनशे पन्नास, पुढच्या दोन वर्षी एक्कावन्न हजार एकशे पंचवीस. त्यांच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

“पहिल्या वर्षीची रक्कम वेगळी कशी?” मी विचारलं.

“हप्ता तोच आहे. पहिल्या वर्षी कर जास्त असतो,” ती मुलगी म्हणाली. “पाच वर्षं भरायचे, दहाव्या वर्षी पैसे मिळतात.”

“आणि आई गेली, तर काय मिळतं?”

तिने थोडा वेळ की-बोर्डवर काहीतरी बडवल्यासारखं केलं. “त्यांच्या जिवाचा विमा नाही ना, मॅडम. तुम्ही…” ती अडखळली. “म्हणजे तुमचं काही झालं असतं, तर त्यांना मिळाले असते.”

सरांनी घसा खाकरला. “मुलीच्या जिवाचा विमा काढायला बाई काय वेड्या होत्या का गं?”

“ज्येष्ठ नागरिकांचं वय बसत नाही, काका. मग मुलांच्या नावावर घेतात. सगळे असंच करतात.”

“कोण सगळे?”

“विकणारे,” ती म्हणाली, आणि आपण जास्त बोललो हे तिच्या लक्षात आलं.

मी सहीकडे पाहत होते. अडीच वर्षांपूर्वीची एक दुपार मला हळूहळू आठवत होती. आईने कुरिअरने कागदांचा एक गठ्ठा पाठवला होता. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या. मी फोन केला. “कसले कागद आहेत?” “बँकेचे. फुल्यांवर सह्या कर आणि लगेच परत पाठव.” मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आयुष्यभर लोकांना सांगत आले, की पुस्तक परत करण्याआधी निदान प्रस्तावना तरी वाचा. त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती. दोन मुलांची पुस्तकं घेता घेता मी सात सह्या केल्या. आईने पाठवलेला कागद कुणी वाचतं का?

“ही पॉलिसी विकली कुणी?” मी विचारलं.

“उद्धव नाळे सर. त्यांची बदली झाली, दहिवडीकडच्या शाखेत.”

“उद्धव?” मुलाणीसर म्हणाले. “अगं, तो बाईंचा विद्यार्थी.”

मुलाणीसर त्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. आईचं आणि त्यांचं चाळीस वर्षं भांडण चालू होतं, मुख्यतः शाळेच्या वेळापत्रकावरून. निवृत्त झाल्यावर विषय बदलले, भांडण तेच राहिलं. चाची, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून ते सकाळचा चहा आमच्याकडे घ्यायचे. आई आजारी पडली तेव्हा मी नाशिकहून पोचेपर्यंत तिला दवाखान्यात नेणारे तेच होते.

बँकेतून घरी येताना त्यांनी मला उद्धवबद्दल सांगितलं. कोळकीच्या बाजूला वस्तीवर राहायचा. बाप ट्रकवर. दहावीच्या वर्षी रोज संध्याकाळी आमच्या घरी येऊन गणितं सोडवायचा, आईने त्याच्याकडून पैसे घेतले नव्हते. मी तेव्हा पुण्याला शिकत होते. सुट्टीत यायचे तेव्हा व्हरांड्यात एक किडमिडीत मुलगा वाकून लिहीत बसलेला दिसायचा, तोच असावा.

“गणितात एकशे सत्तेचाळीस पडले त्याला, दीडशेपैकी,” सर म्हणाले. “बाई पेढे न देता आठ दिवस त्या तीन मार्कांबद्दल बोलत होत्या.”

“आणि त्याने तिला फसवलं.”

“असं दिसतंय खरं.”

“दिसतंय नाही, सर. झालंय.”

घराचं कुलूप उघडताना माझा हात स्थिर होता, हे मला बरं वाटलं. खरं तर त्या तेवीस दिवसांत मला प्रथमच काहीतरी करण्यासारखं सापडलं होतं.

त्याचं कारण जानेवारी. या वर्षीच्या जानेवारीत आईच्या पोटात दुखत होतं, वजन उतरलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी पुण्याला जाऊन सी.टी. स्कॅन करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. ते तिने मला फोनवर सांगितलं आणि लगेच म्हणाली, “पैसे जरा अडकलेत. पुढच्या महिन्यात बघू.” पुढच्या महिन्याच्या शेवटी ती पिवळी पडली. एप्रिलमध्ये गेली. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “आधी का नाही आणलंत?” मग स्वतःच म्हणाले, की आधी आणलं असतं तरी नक्की काही सांगता आलं नसतं. पण पहिला प्रश्न विचारून झाला होता.

पैसे कुठे अडकले होते, ते आता माझ्यासमोर छापील होतं. नऊ जानेवारी, एक्कावन्न हजार एकशे पंचवीस.

दुपारी मी आईच्या टेबलाशी बसून बँकेच्या मुख्य कार्यालयाला तक्रार लिहिली. पहिल्या परिच्छेदात, ठेव म्हणून सांगून पॉलिसी कशी विकली ते. दुसऱ्यात, त्या हप्त्यामुळे एका आजारी बाईची तपासणी कशी राहून गेली आणि पुढे काय झालं ते. एकही विशेषण वापरलं नाही. संध्याकाळी सरांना वाचायला दिली.

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचली. “पहिला परिच्छेद ठीक आहे.”

“दुसरा?”

“जड आहे.”

“खोटा आहे का?”

“खोटा म्हणालो का मी? जड आहे म्हणालो. हा कागद गेला तर त्याची नोकरी राहत नाही. ते एक. आणि नोकरी गेली तरी तो परिच्छेद त्याच्या मानेवरून उतरत नाही. ते दुसरं.”

“तो माझ्या मानेवर आहे तेवीस दिवस,” मी म्हणाले.

सरांनी कागद घडी करून मला परत दिला. “मग त्याच्या हातात नेऊन दे. पोस्टाने नको. बाईंनी कुणाचा पेपर पोस्टाने तपासला नाही. उद्या नऊची गाडी आहे, मी येतो.”

“तुम्ही कशाला उन्हाचे?”

“तुला वाटेत चहा कुठे चांगला मिळतो ते माहीत आहे का? मग.”

शाखा म्हणजे बाजारपेठेतल्या खताच्या दुकानाशेजारची एक लांबट खोली होती. आत एक रोखपाल, एक शिपाई आणि टोकाला लाकडी पार्टिशनच्या मागे शाखाधिकारी. आम्ही दारात दिसल्याबरोबर पार्टिशनमागचा माणूस उठून उभा राहिला. पस्तिशी उलटलेला, कानाजवळ केस पांढरे झालेले. तो बाहेर आला आणि सरांच्या पाया पडला.

“असू दे, असू दे,” सर म्हणाले. “ही मृदुला. बाईंची.”

“ओळखलं,” तो म्हणाला. “या ताई. बसा.”

मी बसले. त्याने शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि स्वतः उभाच राहिला.

“तुम्ही आला नाहीत,” मी म्हणाले. “तिचे इतके विद्यार्थी आले. काही दुबईहून फोन करून रडले. तुम्ही इथून एवढ्याशा अंतरावर.”

“कोपऱ्यापर्यंत आलो होतो. तिसऱ्या दिवशी.”

“मग?”

“परत गेलो.”

मी स्टेटमेंट काढून टेबलावर ठेवलं. तिन्ही ओळींवर मी पिवळी रेघ मारली होती. त्याने बघितलंही नाही.

“मी येणार हे तुम्हाला माहीत होतं.”

“कधी ना कधी याल असं वाटत होतं. बाई म्हणाल्या होत्या, तिसरा हप्ता गेला की मृदुलाला सांगते.”

“तिने मला काहीच सांगितलं नाही.”

तो समोरच्या खुर्चीत बसला. खुर्चीच्या काठावर, व्हरांड्यात बसायचा तसा. “काय विचारायचं ते विचारा, ताई.”

“तिला काय सांगून विकलंत?”

“मुलीच्या नावावर ठेव. पाच वर्षं भरायचे. नऊ टक्के.”

“आणि खरं काय होतं?”

“साडेचार. तेही दहा वर्षं थांबलं तर.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

मला वाटलं होतं तो काहीतरी सबब सांगेल. वरिष्ठांचा दबाव, कंपनीची माणसं, छापील पत्रक. मी त्या सगळ्याला उत्तरं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली.

“तिने वाचलं कसं नाही?” मी म्हणाले. हा प्रश्न मला त्याला विचारायचा नव्हता. “ती दूधवाल्याचा हिशेब दोनदा तपासायची.”

“मी कागद पुढे ठेवले. त्या वाचायला लागल्या. मग थांबल्या आणि हसल्या. म्हणाल्या, तुझी वही मी तपासत बसणार आहे का आता.” त्याने टेबलावरचा रबरी शिक्का उचलून परत ठेवला. “तेव्हा सांगायला पाहिजे होतं. जानेवारी होता. मार्चपर्यंत सात पॉलिसी करायच्या होत्या. माझ्या पाच झाल्या होत्या. नंतर कागदांवर फुल्यासुद्धा त्यांनीच केल्या, ताईला सोपं जाईल म्हणून.”

शिपाई पाणी ठेवून गेला. सरांनी एका घोटात पेला रिकामा केला.

“पुढे?” ते म्हणाले.

“पॉलिसीचा कागद पोस्टाने घरी गेला. तो मात्र बाईंनी वाचला. मिळाल्यापासून पंधरा दिवसांत परत करता येते. अकराव्या दिवशी त्या शाखेत आल्या. सकाळी, गर्दीच्या वेळी. मला वाटलं आता सगळ्यांसमोर बोलणार. मी परतीचा फॉर्म भरूनच ठेवला पुढे. त्यांनी तो बाजूला सारला. पैसे भरायची एक स्लिप उलटी केली, माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, सोडव.”

“काय सोडव?”

“व्याजाचा दर. पाच वर्षं एवढे भरले, दहाव्या वर्षी एवढे मिळाले, तर चक्रवाढीने दर किती. कॅलक्युलेटर घेतला तर म्हणाल्या, ठेव तो. काउंटरवर माणसं उभी होती. मी घामाघूम. वीस मिनिटं लागली. साडेचार आलं. त्यांनी ते बघितलं, बरोबर अशी खूण केली आणि विचारलं, हे तुला विकायच्या आधी येत होतं का?”

“काय म्हणालात?”

“येत होतं म्हणालो.”

“मग?”

“म्हणाल्या, मग शिकवण्यात माझं काही चुकलेलं नाही. पुढचं तुझं.”

त्या खोलीत पंखा फार मोठ्याने फिरत होता. ते आईचंच वाक्य होतं. ते कुणालाही बनवून सांगता आलं नसतं, असं मला वाटलं. आणि लगेच असंही वाटलं, की या माणसाने एक वर्ष रोज संध्याकाळी तिचं बोलणं ऐकलं आहे.

“हे सगळं तुम्ही सांगताय,” मी म्हणाले. “ती नाहीये. मी विश्वास का ठेवायचा? तिने पॉलिसी परत केली नाही, हे तर खरं आहे. हप्ते गेलेच आहेत.”

“परत करायला तयार नव्हत्या. मी हात जोडले. मला म्हणाल्या, आणखी कुणाकुणाला विकलीस या महिन्यात? पंधरा दिवस कुणाकुणाचे बाकी आहेत? चार जण होते. सगळे पेन्शनवाले. म्हणाल्या, त्या चौघांना आज फोन कर, बोलव, खरं सांगता येत नसेल तर काहीही सांग, पण पैसे परत दे. माझी राहू दे. सगळ्याच परत गेल्या तर तुझी चौकशी लागेल.”

“आणि केलेत फोन?”

“केले. चौघांचे पैसे परत गेले.”

“चौघांची नावं सांगता?”

त्याने सरांकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघतोस?” सर म्हणाले.

“सर, तुमची ठेव.”

“माझी ठेव वयात बसली नाही म्हणून परत आली. तूच म्हणालास. सत्तरीच्या वर चालत नाही म्हणालास. मी त्यावरून बाईंना आठवडाभर ऐकवत होतो, की बँकसुद्धा मला म्हातारा म्हणते आणि तुम्हाला तरुण समजते.”

“ती ठेव नव्हती, सर. तुमच्या मुलीच्या, शाहीनच्या नावावर पॉलिसी होती.”

सरांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाले, “बाई मला तेव्हा काय म्हणाल्या होत्या, माहीत आहे? म्हणाल्या, मुलाणी, बँकेला आकडे कळतात.” ते हसायला गेले, पण जमलं नाही. “आणि मी इकडे एक लाख परत आले म्हणून शाहीनला फ्रिज घेतला.”

आता मला शंका घ्यायला जागा राहिली नव्हती. मार्चअखेर उद्धवची पॉलिसींची संख्या भरली नाही आणि जूनमध्ये त्याची इकडे बदली झाली, हे त्याने मी विचारल्यावर सांगितलं, तेही एका वाक्यात. हप्ते आईने का चालू ठेवले तेही सांगितलं. तीन वर्षं भरल्याशिवाय एक पैसा परत मिळत नव्हता. तिसऱ्यानंतर मोडली तर थोडे तरी मिळतात. ते गणित तिने त्याच स्लिपवर खाली केलं होतं. दर जानेवारीत हप्ता गेला की ती त्याला फोन करायची आणि एकच विचारायची, “यंदा कुणाला विकलीस का?”

“विकलीत?”

“इथे कोण घेतंय, ताई,” तो म्हणाला. मग म्हणाला, “नाही. विकली नाही. म्हणून तर इथे आहे.”

माझ्या पर्समध्ये पत्र होतं. पहिला परिच्छेद संपल्यासारखा झाला होता. दुसरा होता.

“या जानेवारीत तिने फोन केला होता तुम्हाला?”

“नऊ-दहा तारखेला. आवाज बारीक वाटला. विचारलं तर म्हणाल्या, पित्त आहे.”

“पित्त नव्हतं,” मी म्हणाले. “डॉक्टरांनी तिला त्याच आठवड्यात स्कॅन करायला सांगितलं होतं. ती मला म्हणाली, पैसे अडकलेत, पुढच्या महिन्यात बघू. हा हप्ता गेला होता, म्हणून. तो महिना हातचा गेला.”

मी हे अगदी शांतपणे सांगितलं. पत्रात लिहिलं होतं त्यापेक्षाही शांतपणे. उद्धवच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू पुसल्यासारखं झालं. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

“मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला.

“आता आहे.”

“हो.” त्याने मान हलवली. “मग ते माझ्यामुळे झालं.”

तो वाद घालत नव्हता. कुणीतरी त्याच्यापुढे एक वजन ठेवलं होतं आणि ते आपलंच आहे हे मान्य करून तो उचलायला वाकला होता. सर माझ्याकडे बघत नव्हते. मला ते पत्र त्याच्यासमोर ठेवायचं होतं. त्याआधी ती ओळ त्याला दाखवावी, तारीख दाखवावी, म्हणून मी स्टेटमेंट माझ्याकडे ओढलं आणि तिसऱ्या पिवळ्या रेघेवर बोट ठेवलं.

ते पान मी दहा वेळा तरी पाहिलं असेल. तारीख, विमा कंपनीचं नाव, गेलेली रक्कम. माझी पिवळी रेघ तिथेच संपत होती. त्याच्यापुढे, पानाच्या उजव्या कडेला, शेवटचा रकाना होता: शिल्लक.

हप्ता गेल्यानंतर आईच्या खात्यात दोन लाख अकरा हजार रुपये होते.

मी खालच्या ओळी पाहिल्या. चौदा जानेवारी, किराणा. एकोणीस जानेवारी, वीजबिल. एकतीस, पेन्शन जमा. फेब्रुवारीत दोन लाख तेहेतीस हजार. मार्चमध्ये आईने दवाखान्यातल्या पलंगावर मला दीड लाखाचा चेक लिहून दिला होता. तिने ठेव मोडली असं मी धरून चालले होते. ठेव मोडलेली नव्हती. पैसे खात्यातच होते. ते कुठेच अडकलेले नव्हते.

स्कॅनला आठ हजार लागले असते.

“ताई?” उद्धव म्हणाला.

मी पान त्याच्याकडे वळवलं नसतं तर काय झालं असतं, याचा मी पुढे बरेचदा विचार केला. काहीच झालं नसतं. त्याने मागितलं नव्हतं. त्याने मान खाली घातली होती, ती तशीच राहिली असती, आणि मी नाशिकला हलकी होऊन गेले असते. बँकेत इतकी वर्षं आकड्यांत घालवूनही तो रकाना बघायचं त्याच्या मनात आलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणाले. “पैसे होते.”

“काय?”

“तिच्याकडे पैसे होते. हे बघा. दोन लाख अकरा. तुमच्या हप्त्याने काही अडलं नव्हतं.”

त्याने पान बघितलं. सरांनीही वाकून बघितलं. बाहेर खताच्या दुकानात पोती उतरवत होते, त्यांचा धप् धप् आवाज येत होता.

“मग बाई असं का म्हणाल्या?” उद्धवने विचारलं.

“ते मला माहीत नाही.”

“भ्याल्या असतील,” सर हळूच म्हणाले. “मी न्यायला तयार होतो. चाचीच्या आजाराच्या वेळचं सगळं त्यांनी बघितलं होतं ना.”

उद्धवने खिशातून रुमाल काढला, तोंडावरून फिरवला आणि परत खिशात ठेवला. “तरीसुद्धा तक्रार द्या, ताई. पहिलं जे केलं ते केलंच आहे मी.”

मी पत्र बाहेर काढलं नाही. त्यातल्या पहिल्या परिच्छेदाचा निकाल आईने अडीच वर्षांपूर्वी लावला होता, आणि दुसरा खोटा होता.

“पॉलिसी मोडायची आहे,” मी म्हणाले. “काय करावं लागेल?”

त्याने फॉर्म काढला आणि एकेक कलम मला मोठ्याने वाचून दाखवलं, मी नको म्हटलं तरी. भरलेल्या दीड लाखापैकी किती परत येतील ते कागदावर मांडून दाखवलं. पन्नास हजारांना काही कमी. निघताना तो दारापर्यंत आला. “बाईंचं दर्शन घ्यायला घरी येऊ का एकदा? फोटोचं?” मी किल्ली सरांकडे असते असं सांगितलं.

परतीच्या गाडीत सरांनी मला खिडकीची जागा दिली. गाडीत फारसं कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना उजाड माळ होता, मधेच एखादं डाळिंबाचं शेत, त्यावर टाकलेली पांढरी कापडं. सर डोळे मिटून बसले होते. झोप लागली असेल म्हणून मी त्यांची पिशवी माझ्याकडे घेतली, तेव्हा ते डोळे न उघडता बोलले.

“एक विचारू?”

“विचारा.”

“बाई फोनवर म्हणाल्या, पैसे अडकलेत. त्यावर तू काय म्हणालीस?”

गाडी एका गावात थांबली. एक बाई दोन कोंबड्या घेऊन चढली, कंडक्टरने कोंबड्यांवरून तिच्याशी हुज्जत घातली. गाडी सुटेपर्यंत मी थांबले.

“बरं म्हणाले.”

“बरं?”

“बरं, पुढच्या महिन्यात बघू, म्हणाले.” मी खिडकीबाहेर बघत होते. “आठ हजार रुपये, सर. मी तिथल्या तिथे पाठवू शकले असते. त्या आठवड्यात आमच्याकडे पुस्तकांची मोजदाद चालू होती. तपासणीला माणसं यायची होती. मला रजा मागावी लागली असती, पुण्याला दोन दिवस, कदाचित जास्त. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात. आणि मला सुटल्यासारखं वाटलं.”

सरांनी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, ऐकलं अशा अर्थाने. ‘असं बोलू नये’ असं ते म्हणाले नाहीत. ‘तुझा काय दोष’ असंही म्हणाले नाहीत. फलटण येईपर्यंत ते माझ्याशेजारी जागे बसून राहिले, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.